पांढरा, पण कोणता?

"पांढराच काढा, पण अगदी पांढरा नको." घर रंगवायला काढणाऱ्या माणसाचे हे ठरलेले वाक्य आहे. ऐकायला साधे, पण आमच्या धंद्यातील बरीच भांडणे या एका वाक्यातून निघतात. 'आमच्या धंद्यातील' असे मी हक्काने म्हणतो, कारण माझे वडील रंगारी आहेत आणि कॉलेजच्या सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली काम करतो. लाल, निळा किंवा हिरवा मागणाऱ्या गिऱ्हाइकाशी आमचा सहसा वाद होत नाही. निळा मागितला आणि निळा लावला की काम संपले. वाद होतो तो पांढऱ्याच्या भावकीतल्या रंगांवरून. कोणी त्याला मोतिया म्हणते, कोणी हस्तिदंती, कोणी मलईचा, तर कोणी 'तो हलका बदामी' म्हणून शेडकार्डावर बोट ठेवते. कार्डावर हे सारे सख्खे भाऊ दिसतात. भिंतीवर चढले की मात्र एक गुलाबी निघतो, एक हिरवट निघतो आणि एकाला चक्क आजारपण आल्यासारखे वाटते.

आमच्याकडे, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात, रंगकामाची खरी घाई असते ती गणपतीच्या आधी. मुंबईचे चाकरमानी यायचे असतात, मखरामागची भिंत तरी उजळायलाच हवी असते, आणि बाहेर श्रावणाच्या सरी चालू असतात. त्या मळभात रंग ठरतो, लागतो, सण पार पडतो. पुढे मे महिन्यात तीच मंडळी आंबे खायला येतात आणि ओटीवर उभे राहून म्हणतात, "काय हो अण्णा, हा रंग आम्ही सांगितलाच नव्हता!" मग राहिलेली मजुरी अडकते. 'रंगाऱ्याने हलक्यातला डबा लावला' अशी कुजबुज वाडीत फिरते. हातावर पोट असलेल्या माणसाला यात दोनदा ठोकर बसते : एकदा पैशाची आणि एकदा नावाची. घरमालकाचेही नुकसान काही थोडे नसते. मध्यमवर्गीय घरात रंग काही दरवर्षी निघत नाही. एकदा काढला की सात-आठ वर्षे त्याच्याशी संसार करायचा असतो.

रंगारी प्रत्येक वेळी निर्दोषच असतो, असे माझे म्हणणे नाही. पण डबा तोच, हात तोच, भिंत तीच, आणि तरीही रंग बदललेला दिसतो, हे पुष्कळदा खरे असते. असे का होते, आणि ते आधीच ओळखून रंग कसा निवडावा, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

झाक म्हणजे काय?

पांढऱ्यासाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. बगळा पांढराशुभ्र असतो, भ्यालेला चेहरा पांढराफटक पडतो, राखेचा हात लागला की वस्तू पांढुरकी होते. गंमत म्हणजे हे शब्दसुद्धा एकमेकांशी सहमत नाहीत. 'दुधी पांढरा' म्हणावे तर गाईचे दूध किंचित पिवळसर आणि म्हशीचे त्याहून पांढरे. तेव्हा कोणाचे दूध हे आधी ठरवावे लागते.

या सर्व भेदांना आपल्याकडे एक नेमका शब्द आहे : झाक. रंग पांढराच, पण त्याच्या पोटात दुसऱ्या एखाद्या रंगाची चाहूल. जुने रंगारी ही झाक हाताने आणीत. विरवलेला चुना हा मूळ पांढरा. त्यात चिमूटभर पिवडी टाकली की सायीसारखा रंग, काव टाकली की गुलाबट, आणि काजळी टाकली की राखी. चुन्याचा पिवळेपणा मारण्यासाठी थोडी नीळ घालीत. धुतलेल्या धोतराला नीळ द्यावी, तोच प्रकार. किंचित निळी झाक आपल्या डोळ्यांना 'अधिक पांढरी' वाटते. वास्तविक नीळ घातल्याने भिंतीवरून परत येणारा उजेड कमीच होतो. तरी माणूस म्हणतो, भिंत उजळली. पांढरेपणा आणि उजळपणा या दोन गोष्टी एक नव्हेत, हा धडा आपल्या आज्या-पणज्यांनी निळीच्या पुडीतून घेतलेला होता.

आजच्या इमल्शनमध्ये चुन्याची जागा टायटॅनियम डाय-ऑक्साइड नावाच्या पांढऱ्या भुकटीने घेतली आहे. दुकानातले यंत्र पांढऱ्या डब्यात पिवळा, तांबडा, काळा अशा स्टेनरचे मोजके थेंब सोडते. शेडकार्डावरच्या शेजारशेजारच्या चार फिक्या रंगांत फरक असतो तो एवढ्या काही थेंबांचाच. म्हणूनच कार्डाची एक पट्टी एकटी हातात धरली तर तिची झाक दिसत नाही. आपला डोळा लगेच तिलाच पांढरे मानून मोकळा होतो.

झाक ओळखण्याची पहिली युक्ती अगदी स्वस्त आहे. कोरा, स्वच्छ पांढरा कागद घ्यावा आणि पट्टी त्यावर ठेवावी. खरा पांढरा शेजारी आला की सोंग घेतलेले पांढरे उघडे पडतात. हा पिवळा, हा गुलाबी, हा शेवाळी, हा राखाडी, असे पटकन कळते. दुसरी युक्ती अशी : कार्डावर ज्या ओळीत आपला फिका रंग आहे, त्याच ओळीतला सर्वांत गडद रंग पाहावा. बहुधा तो त्याच कुळातला असतो. फिक्याच्या पोटात जे लपलेले असते ते गडदाच्या तोंडावर दिसते.

उजेडाचा वाटा

न्यूटनने पांढऱ्या प्रकाशातून सात रंग काढले, हे आपण शाळेत शिकतो. पण १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात याहून घरगुती असा एक प्रयोग आहे. त्याने निरनिराळ्या रंगांच्या भुकट्या एकत्र खलल्या. त्यांचे मिश्रण राखाडी झाले. ती राखाडी भुकटी त्याने खिडकीतून येणाऱ्या उन्हात जमिनीवर पसरली आणि शेजारी सावलीत पांढरा कागद ठेवला. बारा-अठरा फुटांवरून पाहता ती भुकटी पांढरीशुभ्र दिसू लागली. तेवढ्यात एक मित्र भेटायला आला. न्यूटनने त्याला काही न सांगता दारातच उभे करून विचारले की, या दोहोंतला चांगला पांढरा कोणता? मित्र म्हणाला, दोन्ही चांगले आहेत; त्यांतला अधिक चांगला कोणता ते सांगता येत नाही.

म्हणजे उन्हातला राखाडी आणि सावलीतला पांढरा यांत दाराशी उभ्या असलेल्या शहाण्या माणसालाही भेद करता आला नाही. रंग वस्तूत असतो तितकाच उजेडातही असतो. भिंत स्वतःचे काही बोलत नाही. तिच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग ती ठेवून घेते आणि उरलेला परत देते. उजेड बदलला की परत मिळणारी रक्कम बदलते.

यावर कोणी म्हणेल की, उजेड तर दिवसभर बदलतो. मग आपल्याला आपला शर्ट सकाळी एका आणि संध्याकाळी दुसऱ्या रंगाचा का दिसत नाही? प्रश्न रास्त आहे. आपला मेंदू उजेडाची झाक ओळखून ती मनातल्या मनात वजा करीत असतो. पण ही वजाबाकी पुरी होत नाही, आणि उजेड कोणता याचा अंदाज चुकला तर उत्तरही चुकते. २०१५ साली एका पोशाखाचे छायाचित्र जगभर गाजले होते, ते अनेकांना आठवत असेल. तोच फोटो कोणाला निळा-काळा दिसे, तर कोणाला पांढरा-सोनेरी. पोशाख प्रत्यक्षात निळा-काळाच होता. पाहणाऱ्याने उजेड कोणता गृहीत धरला, यावर सारा फरक होता. गडद निळ्याचीसुद्धा अशी अवस्था होत असेल, तर चार थेंबांच्या झाकेवर उभ्या असलेल्या बिचाऱ्या मोतिया रंगाची काय कथा!

आता आपल्या घराकडे वळू. उत्तरेकडच्या खोलीत बहुतेक वर्षभर थेट ऊन येत नाही. येतो तो आकाशाचा उजेड, आणि निरभ्र आकाशाचा उजेड निळसर असतो. अशा खोलीत राखाडी किंवा निळी झाक असलेला पांढरा थंड आणि उदास वाटतो. थोडी पिवळी झाक तेथे शोभते, किंबहुना ती तेथे पिवळी दिसतच नाही. मात्र परदेशी पुस्तकांतला 'उत्तरेच्या खोलीत ऊन कधीच नसते' हा नियम आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. रत्नागिरीच्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत दुपारचा सूर्य माथ्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. पश्चिमेची खोली दुपारनंतर पिवळ्या-तांबूस उन्हाने भरते. तेथे कार्डावरचा सौम्य सायीचा रंग चार वाजता पिकलेल्या आंब्याच्या दिशेने निघतो.

शिवाय उजेड थेट आकाशातून येतो त्यापेक्षा किती तरी वेळा अंगणावरून उसळून येतो. आमच्याकडे अंगण तांबड्या मातीचे आणि गडगा जांभ्याचा. मे महिन्यात उन्हे अंगणात पडली की पडवीचे छत आणि ओटीची भिंत लालसर होते. तेच अंगण पावसाळ्यात गवताने हिरवे होते, खिडकीसमोरच्या आंब्याची पाने धुऊन निघतात, आणि खोलीत येणारा उजेड पानांतून गाळून, हिरवी झाक घेऊन येतो. श्रावणात ठरवलेला रंग मेमध्ये 'बदललेला' दिसतो, याचे हे सरळ कारण आहे. शहरातल्या फ्लॅटमध्ये अंगण नसते, पण समोरच्या इमारतीची गुलाबी भिंत तेच काम करते.

राहिला रात्रीचा उजेड. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा एक आकडा छापलेला असतो. २७०० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा उजेड. ६५०० म्हणजे 'कूल डे-लाइट', निळसर पांढरा. आकडा वाढतो तसा उजेड निळा होत जातो. आपल्याकडे पुष्कळ घरांत ६५०० ची एल.ई.डी. पट्टी असते. तिच्याखाली गुलाबी झाकेचा पांढरा मलूल दिसतो आणि पिवळ्या झाकेचा काहीसा हिरवट वाटतो. म्हणून दिवा बदलायचा विचार असेल तर तो रंग ठरवण्याच्या आधी बदलावा, नंतर नव्हे.

शेजाऱ्याचा परिणाम

आता मी जी हकिगत सांगणार आहे, ती वाचली तेव्हा मला फार समाधान वाटले. पॅरिसमध्ये गोबेलँ नावाचा चित्रविणीचे पडदे तयार करणारा प्रसिद्ध राजकीय कारखाना आहे. १८२४ साली शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची तेथे रंगाईच्या विभागावर नेमणूक झाली. त्याच्यापुढे तक्रार आली की, कारखान्यातले रंगारी लोकरीला चांगला काळा रंग देत नाहीत. निळ्या-जांभळ्या कापडाच्या घड्या विणताना सावलीसाठी वापरलेला काळा फिका आणि मेलेला दिसतो. शेव्रलने इतर ठिकाणची काळी लोकर मागवून कारखान्यातल्या लोकरीशी ताडून पाहिली. कारखान्याचा काळा कोठेही कमी नव्हता. दोष रंगाचा नव्हताच. निळ्या-जांभळ्याच्या शेजारी बसल्यामुळे काळ्याचा जोर डोळ्यांना कमी भासत होता. या प्रश्नाचा त्याने पुढे वर्षानुवर्षे पिच्छा पुरवला आणि १८३९ साली शेजारी ठेवलेल्या रंगांच्या परस्परविरोधाचा नियम सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला.

मराठीत कापड रंगवणाराही रंगारी आणि भिंत रंगवणाराही रंगारीच. म्हणून मला ही हकिगत आमच्या घरचीच वाटते. आरोप रंगाऱ्यावर होता. तपास केला तेव्हा दोष शेजाऱ्याचा निघाला.

नियम थोडक्यात असा : दोन रंग शेजारी आले की प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्यापासून दूर ढकलतो. गडदाच्या शेजारचा फिका अधिक फिका दिसतो. तांबड्याच्या शेजारचा पांढरा किंचित हिरवट, आणि पिवळ्याच्या शेजारचा राखाडी किंचित निळसर भासतो. रंग फिका असला तर हा धक्का त्याला जास्त जाणवतो, कारण त्याची स्वतःची झाक मुळात तोळा-मासा.

खोलीतले सर्वांत मोठे शेजारी दोन : जमीन आणि लाकूड. शहाबादी फरशी राखाडी असते. तिच्यावर पिवळी झाक उठून दिसते. कोट्याच्या फरशीत हिरवट छटा असते. तिच्याजवळ गुलाबी झाकेचा पांढरा आणखी गुलाबी होतो. लाल कोब्याची जमीन तर एकाच भिंतीवर दोन खेळ करते. भिंतीचा खालचा हातभर भाग जमिनीवरून उसळलेल्या उजेडाने तांबूस होतो, आणि वरचा भाग त्या लालीच्या विरोधाने थोडा हिरवट वाटतो. सागवानी दारे-खिडक्यांचा पिवळट तपकिरी रंग शेजारच्या राखाडीला निळा करून टाकतो. छत पांढरेशुभ्र असले तर भिंतीची झाक लगेच कळते. छतालाही तोच रंग दिला तर ती जवळजवळ नाहीशी होते.

चार भिंतींचा हिशेब

"कार्डावर किती हलका होता, भिंतीवर केवढा गडद झाला!" ही तक्रार तर सर्वांत जुनी. येथे थोडे गणित करावे लागेल. पण कला शाखेच्या विद्यार्थ्याला झेपेल इतकेच.

समजा, एक सायीचा रंग आहे. पिवळ्या-तांबड्या बाजूचा उजेड तो शंभरातला ८० परत देतो आणि निळ्या बाजूचा ७०. कार्डावर आपण पाहतो तो एकदा परतलेला उजेड : ८० ला ७०, म्हणजे १०० ला सुमारे ८७. फरक मामुली. पण खोलीत उजेड एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर, तेथून तिसऱ्या भिंतीवर जातो. दुसऱ्या उडीला तो होतो ६४ ला ४९. तिसऱ्या उडीला ५१ ला ३४, म्हणजे १०० ला ६७. प्रत्येक भिंत आपला कर वसूल करते आणि निळ्याकडून जरा जास्तच करते. म्हणून चार भिंतींच्या आत तीच झाक गडद होत जाते, आणि कोपऱ्यात सर्वांत गडद दिसते. कार्डावर जो रंग 'अगदी बरोबर' वाटतो, तो भिंतीवर बहुधा एक पायरी जास्त होतो, याचे मर्म हे आहे. शंका असेल तेथे एक पायरी फिका घ्यावा.

याच हिशेबाची दुसरी बाजू उजेडाची. खोलीतले सर्व पृष्ठभाग मिळून सरासरी निम्मा उजेड परत देत असतील, तर उसळत्या उजेडासह खोलीत एकूण उजेड मूळच्या सुमारे दुप्पट होतो. ती सरासरी ५० वरून ६० वर नेली तर तो अडीचपट होतो. म्हणजे दिवा न वाढवता पाव हिस्सा उजेड वाढला. एका खिडकीच्या माजघरात किंवा चाळीतल्या खोलीत ही गोष्ट शोभेची नव्हे, गरजेची असते. तेथे कोणी अभ्यास करीत असते, कोणी तांदूळ निवडीत असते, कोणी सुईत दोरा ओवीत असते. काही कंपन्या कार्डामागे एल.आर.व्ही. नावाचा आकडा छापतात. रंग शंभरातला किती उजेड परत देतो, हे तो सांगतो. अंधाऱ्या खोलीसाठी दोन रंगांत निवड अडली, तर झाकेपेक्षा हा आकडा मोलाचा.

यात वयाचाही संबंध येतो. वय वाढते तसे डोळ्यांतले भिंग पिवळसर होत जाते आणि आत जाणारा उजेड कमी होतो. ज्या खोलीत आजी-आजोबा बसतात, तिचा रंग केवळ वीस वर्षांच्या डोळ्यांनी ठरवू नये. माझ्या आजीची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तेव्हा घरी येताच तिने विचारले, "भिंत कधी रे रंगवलीत?" भिंत कोणीच रंगवली नव्हती, पिवळा पडदा दूर झाला होता. चित्रकार मोने याच्या डोळ्यावर १९२३ साली हीच शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्यालाही रंगांशी नव्याने ओळख करून घ्यावी लागली.

निवड कशी करावी?

इतके सगळे घटक असताना माणसाने रंग निवडावा तरी कसा? अण्णांची पद्धत साधी आहे. ती मी क्रमाने सांगतो.

प्रथम, खोली कोणत्या वेळी वापरली जाते ते ठरवावे. अभ्यासाची खोली रात्रीची, स्वयंपाकघर सकाळचे, ओटी संध्याकाळची. सर्व वेळी सुंदर दिसणारा रंग शोधत बसू नये. आपल्या वेळेला चांगला दिसणारा घ्यावा.

दुसरे, कार्डावरून तीनच रंग निवडावेत. पाचवा आणि सहावा रंग फक्त गोंधळ वाढवतो. हे तीन झाकेने वेगळे असावेत : एक पिवळ्या बाजूचा, एक गुलाबी बाजूचा, एक राखी बाजूचा. एकाच झाकेचे तीन घेतले तर निवड झाल्यासारखी वाटते, पण होत नाही.

तिसरे, नमुन्याचे छोटे डबे आणून जाड पुठ्ठ्यावर किंवा प्लायच्या तुकड्यावर रंग लावावा. तुकडा निदान दोन फूट लांब-रुंद हवा, आणि रंगाचे दोन हात हवेत. एका हातात खालचा पृष्ठभाग डोकावतो. जुन्या भिंतीवरच ठिपके मारू नयेत. जुना हिरवा शेजारी असताना नवा पांढरा आपला खरा चेहरा दाखवत नाही. तुकडा पुरता वाळू द्यावा. चुना ओला असताना पारदर्शक असतो आणि वाळताना पांढरा होत जातो. इमल्शन उलट ओले असताना फिके दिसते आणि वाळल्यावर सहसा किंचित गडद होते. ओल्या रंगावरून केलेला निवाडा कच्चाच समजावा.

चौथे, तो तुकडा उभा धरावा, आडवा नव्हे, कारण आडव्या तुकड्यावर उजेड वेगळा पडतो. तो खिडकीसमोरच्या भिंतीला, मग खिडकीच्याच भिंतीला, मग कोपऱ्यात आणि शेवटी जमिनीलगत टेकवून पाहावा. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री दिव्याखाली, असे दोन दिवस पाहावे.

पाचवे, मुंबईला फोटो पाठवून रंग ठरवू नये. फोनचा कॅमेरा उजेडाची झाक स्वतःच्या बुद्धीने काढून टाकतो. तिकडच्या फोनचा पडदा आपली निराळी झाक घालतो. मोतिया रंगाचे जे चार थेंब, ते या प्रवासातच सांडतात. पाठवायचाच असेल तर रंगवलेला पुठ्ठा एस.टी.ने पाठवावा.

सहावे, रंग ठरला की सारे डबे एकदम आणावेत आणि मोठ्या पिंपात एकत्र ढवळून घ्यावेत. यंत्राने केलेल्या दोन डब्यांतही थेंबभर फरक पडू शकतो, आणि फिक्या रंगात तो भिंतीच्या मधोमध उमटतो. डब्यावरची सूत्राची चिठ्ठी आणि बाटलीभर रंग जपून ठेवावा. पुढे डाग काढायची वेळ आली तर दुसऱ्या कंपनीचा 'तसाच' रंग आणू नये. दोन रंग वेगवेगळ्या भुकट्यांपासून बनलेले असले, तर दुकानाच्या दिव्याखाली जुळतात आणि घरच्या उन्हात वेगळे होतात.

या सर्वांतून गेल्यावरही दोन रंग सारखेच आवडत राहिले, तर खुशाल समजावे की ते दोन्ही चांगले आहेत. मग जो धुता येतो, जो परवडतो, जो जरा मळखाऊ आहे, तो घ्यावा. न्यूटनच्या मित्रालाही याहून निराळे उत्तर देता आले नव्हते.

त्या रंगवलेल्या पुठ्ठ्याचा आणखी एक उपयोग आहे. गेल्या वर्षी एका घरी माजघर आणि ओटी आम्ही एकाच पिंपातून रंगवली. माजघर उत्तरेचे, ओटी पश्चिमेची. मालकांना खात्री होती की आम्ही दोन वेगळे रंग लावले. अण्णांनी वाद घातला नाही. नमुन्याचा पुठ्ठा त्यांनी माजघराच्या भिंतीला टेकवला; तो भिंतीत मिसळून गेला. मग तोच पुठ्ठा उचलून ओटीच्या भिंतीला टेकवला. तेथेही मिसळून गेला. "काकी, पुठ्ठा तर एकच आहे ना?" एवढेच ते म्हणाले. संध्याकाळी राहिलेले पैसे मिळाले. तेव्हापासून आम्ही प्रत्येक घरी एक पुठ्ठा मालकांच्या सहीसह ठेवून येतो.

वाचकांना हे सारे पडताळून पाहायचे असेल तर भिंत रंगवण्याची गरज नाही. या अंकाचे पान आपल्या वहीच्या पानाशेजारी ठेवा. दोन्ही पांढरेच, पण एकात पिवळी झाक आहे की निळी, ते लगेच दिसेल. मग ती दोन पाने वाचनालयाच्या खिडकीशी न्या, तेथून ट्यूबलाइटखाली आणा, आणि शेवटी लाल रंगाच्या एखाद्या पुस्तकावर ठेवून पाहा. कागद तोच राहील.